नाव सांगा, नंबर देतो

सोमवार

आजपासून मी पुन्हा ड्यूटीवर. पगार नाही, खुर्ची घरचीच, सुपरवायझर म्हणून आमची ही. पण ड्यूटी ती ड्यूटी.

टिल्लीला दवाखान्याचं काम मिळालं. (जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून टिल्ली. आता तिच्याच केसांत पांढरं दिसायला लागलंय, पण नाव काही मोठं झालं नाही.) नोकरी सोडून स्वतःचं सुरू केल्यापासूनचं हे पहिलं मोठं काम. दवाखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं सांभाळणारा नवा सर्व्हर तळघरात बसवायचा. शनिवारी जुना बंद, नवा चालू. शनिवार नीट पार पडला, तर दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई पुढची सगळी कामं टिल्लीलाच देणार. नाही पडला, तर गोड हसून निरोप. मग पुन्हा कुणाच्या तरी दारात नोकरी मागायला जायचं, असं ती म्हणाली नाही, पण चहात साखर घालायची विसरली आणि तसाच पिऊन टाकला.

मी विचारलं, "सर्व्हर म्हणजे नक्की करतो काय?"

"बाबा, प्रत्येक मशीनला एक नंबर असतो. माणसाला नंबर लक्षात राहत नाही, नाव राहतं. कुणी 'लॅब' म्हटलं की त्याने लॅबचा नंबर सांगायचा. की मग मशीन त्या नंबरावर जातं. एवढंच."

"एवढंच? अगं, मी जन्मभर दुसरं काय केलं?"

टेलिफोन एक्स्चेंजमधली चौकशी! कानाला हेडफोन, पुढ्यात उशीएवढी डिरेक्टरी, खिडकीबाहेर कण्हेरीचं झाड. "चौकशी. नाव सांगा." नाव आलं की नंबर द्यायचा, दोनदा उच्चारून द्यायचा. का हवा, कशाला हवा, विचारायचं नाही. आमच्या सुपरवायझरबाई म्हणत, "आपण नंबर देतो, न्याय देत नाही."

"झालं!" ही आतून म्हणाली. "आता जेवणाऐवजी एक्स्चेंज वाढा त्यांना."

पण खरी गंमत पुढेच आहे. दवाखान्याचं नाव बाहेरच्या जगासाठी एका कंपनीकडे नोंदवलेलं असतं. त्या खात्यात काही बदल करायचा, तर ओळख पटवायला ती कंपनी मोबाइलवर एक नंबर पाठवते. टिल्ली तळघरात, आणि तळघरात रेंज नाही. म्हणून तिने खात्यावर माझा मोबाइल लावला. नंबर आला की मी दवाखान्याच्या साध्या फोनवर तिला कळवायचा. मी मोबाइल पुसून, चार्ज करून, उशीशी ठेवला आहे.

बुधवार

डबा द्यायला दवाखान्यात गेलो. तळघरात शिरताच अंगावर काटा आला, इतकं गार. एका कपाटात दोन काळ्या पेट्या घुंघुं करत होत्या. टिल्ली म्हणाली, एक थोरला, एक धाकटा. थोरल्याकडे मूळ यादी, धाकटा तिची नक्कल उतरवून घेतो. थोरला आजारी पडला तर धाकट्याने उत्तरं द्यायची. मी म्हटलं, घराघरांत उलटंच चालतं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग तिने यादी दाखवली. लॅब, क्ष-किरण, औषधं, बाळंतिणींचा वॉर्ड, एकाखाली एक ओळी. यमक नाही, पण ठेका आहे. मी मोठ्याने वाचायला लागलो तर म्हणाली, "बाबा, इथे शेवटचा ठिपका फार महत्त्वाचा. नावाच्या शेवटी ठिपका द्यायचा राहिला, तर सर्व्हरला वाटतं नाव अपुरंय, आणि तो स्वतःच्या मनाने पुढे शेपूट जोडतो. मग ते नाव कुणालाच सापडत नाही." आमचे गुरुजी पूर्णविराम राहिला की कान पिरगळत. त्यांना हे ऐकून केवढा आनंद झाला असता!

जुन्या कंत्राटदाराबद्दल तिच्या बोलण्यात आलं. तो दवाखान्याचं नाव स्वतःच्या खिशात घातल्यासारखं वागायचा. कुठलंही काम सांगा, आधी अडवायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी वकिलाची नोटीस धाडून नाव सोडवून घेतलं. आता तो सांगत फिरतो म्हणे, की ही बाई महिना काढणार नाही. "फिरू दे," मी म्हटलं. "कोल्ह्याला द्राक्षं आंबट."

बाहेर आलो तर ऊन छान पडलं होतं. बाकावर टेकलो आणि सहज तिसरीतली ओढ्याची कविता गुणगुणायला लागलो. ओढा डोंगरातून निघतो, दगडांना हसतो, गाईंना पाणी पाजतो. त्या चालीत अजून शाळेच्या कौलांवरून पडणारं ऊन आहे. शेजारी एक गृहस्थ बसले होते, पन्नाशीचे, नीटनेटके. कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "वा काका! थांबू नका. पुढे?"

मी पुढे म्हटलं. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ते माझ्याबरोबर उचलायचे. डोळे मिटून. हल्ली अशी माणसं कुठे भेटतात? इमारतींमध्ये तारा ओढण्याचं, मशीनं जोडण्याचं काम करतात. या दवाखान्यातही पूर्वी केलंय म्हणाले. मी टिल्लीचं सांगितलं, तर एकदम आस्था. किती काम, कधी चालू होणार, सगळं विचारलं. मीही माझ्या ड्यूटीचं सांगून टाकलं. "म्हणजे नंबर तुमच्याच मोबाइलवर येतो?" म्हणाले. "वा, खरा कारभार तुमच्याच हातात की!"

नंबर मागितला, दिला. त्यांचा मी 'ओढा' या नावाने जतन केला आहे.

शुक्रवार

काय दिवस गेला!

सकाळी कंपनीचा नंबर आला. मी दवाखान्याला फोन लावला, टिल्ली आली, मी म्हटलं, "चौकशी!" ती म्हणाली, "सांगा लवकर." मी दोनदा सांगितला. कान अजून तयार आहेत, जीभही.

जेवून जरा पडलो होतो, तोच ओढ्याचा फोन. "काका, मी दवाखान्यातच आलोय. टिल्लीताई खाली अडकल्यात, हात रिकामे नाहीत. मला म्हणाल्या, बाबांना विचारा, आत्ता एक नंबर येईल तो सांगा." आणि खरोखरच, बोलतोय तोवर मोबाइल टुणकन वाजला. मी सांगितला. नियमाप्रमाणे दोनदा.

"धन्यवाद काका. आणि ती कविता पुन्हा ऐकायची आहे बरं का."

बघा, घाईतही आठवण ठेवली.

संध्याकाळी टिल्ली उशिरा आली, जेवून लगेच आडवी झाली. मी तिच्या या मित्राचं, ओढ्याचं, बोलणार होतो, पण तिचे डोळे मिटत होते. ही म्हणाली, "तिला झोपू द्या. उद्या तिची परीक्षा, तुमचं काव्यवाचन नंतर."

शनिवार

सकाळी सगळं लोण्यासारखं. मी दवाखान्यातच होतो, कोपऱ्यातल्या खुर्चीवर. जुना सर्व्हर बंद केला, नवा बोलायला लागला. मोठ्या सिस्टरांनी वॉर्डातून लॅबचा रिपोर्ट उघडला, उघडला! "बाई, हे तर आधीपेक्षा लवकर आलं," म्हणाल्या. "आधी आम्ही बटण दाबून चहा घेऊन यायचो." डॉक्टरीणबाई स्वतः खाली येऊन टिल्लीच्या पाठीवर थाप देऊन गेल्या. ऊर भरून आला.

दुपारी बिघडलं.

बाहेरचे एक सर्जन आपल्या घरून क्ष-किरणाचे फोटो बघतात. त्यांचा फोन: दवाखान्याचं पान उघडतच नाही, त्याजागी पांढरं पान येतं आणि त्यावर लिहिलेलं, हे नाव विक्रीस आहे. टिल्लीने इथून उघडलं, बरोबर उघडलं. तिला वाटलं त्यांचंच काही चुकतंय. तेवढ्यात आणखी एका डॉक्टरांचा फोन. मग एका रुग्णाच्या मुलाचा. काहींना बरोबर दिसत होतं, काहींना नाही.

"असं अर्धवट का?" मी विचारलं.

"बाहेरची मशीनं एकदा विचारलेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवतात, बाबा. मुदत संपली की पुन्हा विचारतात. ज्यांची मुदत संपतेय, त्यांना चुकीचं उत्तर मिळतंय. म्हणजे हळूहळू सगळ्यांनाच मिळणार." तिचा आवाज कोरडा होता. "मीच सकाळी काहीतरी चुकवलंय."

ती यादी घेऊन बसली. ओळीवर बोट ठेवून एकेक ठिपका तपासत. तपासून झाली की पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या सिस्टर येऊन म्हणाल्या, सर्जनसाहेब चिडलेत, सोमवारच्या ऑपरेशनचे फोटो बघायचे आहेत, मी शेवटी माणसाबरोबर पाठवून दिले. त्या वाईट बोलल्या नाहीत. पण सकाळी "बाई" म्हणत होत्या, आता "मॅडम" म्हणाल्या.

कुठे गेला असेल तो ठिपका? मीही चष्मा लावून शोधला. मला तर सगळे जागच्या जागी दिसले.

ओढ्याला फोन लावला, म्हटलं या विषयातला माणूस, काही सुचवेल. उचलला नाही. कामात असेल.

रविवार

हे लिहायला हात धजत नाही. पण लिहायचंच.

टिल्ली सकाळपासून जेवायला बसली नाही. कंपनीच्या खात्यात शिरायला बघतेय तर पासवर्ड चालत नाही. "मी एवढी बधिर झालेय का, स्वतःचाच पासवर्ड चुकवतेय?" असं म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरीणबाईंचा फोन येऊन गेला होता. जुन्या कंत्राटदाराने त्यांना निरोप धाडलाय: तुमचं नाव वाऱ्यावर गेलंय असं कळलं, मी सोडवून आणतो, पण मग सगळं काम पुन्हा माझ्याकडे. उद्या अकराला बाईंनी टिल्लीला बोलावलंय.

मला तिला धीर द्यायचा होता. म्हणून म्हणालो, "तू एकटी नाहीस गं. तुझी माणसं चांगली आहेत. परवा तू अडकलीस तर तुझ्या त्या मित्राने फोन करून नंबर नेलाच की."

ती वळली. "कोणता मित्र?"

"तो. बाकावरचा."

"बाबा, परवा मी एकदाच नंबर मागितला होता. सकाळी."

ही कढई पुसत होती, थांबली.

मग सगळं सांगितलं. बाक, कविता, तारा ओढण्याचं काम, पूर्वी याच दवाखान्यात. सांगताना मलाच ऐकू येत होतं, मी काय सांगतोय ते. टिल्ली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "म्हणजे माझा ठिपका चुकला नव्हता," आणि हातांत तोंड धरून बसली. रडली की हसली, कळलं नाही.

'पासवर्ड विसरलो' म्हटलं की कंपनी मोबाइलवर नंबर पाठवते. त्या नंबराने तो खात्यात शिरला, पासवर्ड बदलला आणि दवाखान्याचं नाव भलत्याच सर्व्हरकडे वळवलं. टिल्लीने कंपनीला फोन लावला. असा बदल झाला की खातं थोडा वेळ गोठवतात, सोमवारी उघडेल. दवाखान्याचं पत्र आलं तर चौकशी करू, म्हणाले. तोवर त्याच्या हातीही पुरतं नाही. नाव कायमचं स्वतःकडे हलवायला त्याला आणखी एक नंबर लागेल, आणि तो माझ्याच मोबाइलवर येईल.

"उद्या तुम्ही येऊ नका," टिल्ली म्हणाली. "मोबाइल तुमचा लावायचं मी ठरवलं. चूक माझीच म्हणून सांगते."

"अगं, पण..."

"बाबा, प्लीज."

ती आत गेल्यावर ही माझ्याशेजारी येऊन बसली. मला वाटलं आता तोफ. पण हळूच म्हणाली, "त्या माणसाने एक तरी ओळ तुमच्याआधी म्हटली होती का हो?"

मी आठवून पाहिलं. बराच वेळ आठवत बसलो.

सोमवार

गेलो. न बोलावता. हिनेच शर्टाला इस्त्री करून दिली आणि म्हणाली, "तिथे कविता म्हणू नका म्हणजे झालं."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत टिल्ली उभ्या उभ्याच बोलत होती. "जबाबदारी माझी आहे," इथपर्यंत आली होती. मी दार ढकललं. म्हणालो, "नंबर मी दिला. मुलीला ठाऊकही नव्हतं." आणि बसायला सांगायच्या आधीच सगळं सांगितलं.

बाईंनी शांतपणे ऐकलं. "तो माणूस म्हणजे आमचा जुना कंत्राटदारच, हे कशावरून?"

मी मोबाइल दाखवला. 'ओढा'. बाईंनी नंबर पाहिला, मान हलवली. "हा त्याचा नंबर नाही. माझ्याकडे त्याचा दुसराच आहे. काका, मी तुमच्यावर विश्वास ठेवीनही. पण तो म्हणेल, आपली चूक झाकायला बापलेकीने गोष्ट रचली. आणि मला हा दवाखाना चालवायचाय. बाहेरचे डॉक्टर सकाळपासून फोन करताहेत. तो दुपारपर्यंत नाव परत देतो म्हणतोय."

टिल्ली खाली बघत होती. तिची बॅग खांद्यावरच होती, उतरवलीच नव्हती.

तेवढ्यात माझ्या हातातला मोबाइल टुणकन वाजला. कंपनीचा नंबर. आणि लगेच घंटी. ओढा.

टिल्लीने झडप घालून स्पीकर लावला, मोबाइल टेबलावर ठेवला आणि ओठांवर बोट. बाई पुढे वाकल्या.

"काका! कसे आहात?" तोच गोड आवाज. "पाच दिवस झाले, तुमची कविता कानातून जात नाही बघा."

टिल्लीने हाताने खूण केली, बोला, बोला.

"बरा आहे," मी म्हटलं.

"काका, टिल्लीताईंची फार धावपळ चाललीय. मीच निस्तरतोय सगळं. आत्ता एक नंबर आला असेल बघा तुमच्याकडे. तेवढा सांगा, की पोरगी सुटली."

बाईंनी डोळे मिटून मान हलवली. आवाज ओळखला होता. टिल्ली बोटाने गोल गोल खूण करत होती: ताणा, अजून ताणा, नाव वदवून घ्या.

एक्स्चेंजमध्ये आम्ही नंबर कुणालाही द्यायचो, पण एक गोष्ट कधी केली नाही. लाइनवर तिसरा माणूस असला तर बोलणाऱ्याला सांगायचं. चोर असो, मंत्री असो. चोरून ऐकणं आणि ऐकू देणं, यासारखं पाप आमच्या धंद्यात दुसरं नव्हतं. हा माणूस माझ्या लेकीच्या मुळावर उठलाय, हे मला कळत होतं. तरी जीभ आपल्या वाटेने गेली.

"नंबर आलाय," मी म्हणालो, "तो देणार नाही. आणि आधीच सांगायला हवं होतं, या लाइनवर आणखी दोघी ऐकताहेत. एक माझी मुलगी. दुसऱ्या डॉक्टरीणबाई."

पलीकडे श्वास ऐकू आला. मग खट्.

"बाबा!" टिल्ली किंचाळलीच. "एक मिनिट! एक मिनिट गप्प राहिला असतात तर त्याने स्वतःच्या तोंडाने..."

"लाइनवर तिसरा असला की सांगायचं असतं," मी म्हटलं. खुर्ची कुणी पुढे केली आठवत नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "निरपराध माणसाने विचारलं असतं, बाई, तुम्ही तिथे कशा? याने फोन ठेवला," म्हणाल्या. "मला आवाज पुरेसा आहे." आणि लगेच दवाखान्याच्या कागदावर कंपनीला पत्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिताच टिल्लीला म्हणाल्या, "यापुढे त्या खात्यावर फोन दवाखान्याचा. वडिलांचा नको."

"नको," टिल्ली म्हणाली.

मीही म्हणालो, नको.

"आणि तळघरात रेंज येईल असं काहीतरी करा. पुढच्या आठवड्यात बसून बोलू, काय काय लागेल ते."

पुढच्या आठवड्यात! टिल्लीने तेव्हा बॅग खांद्यावरून खाली ठेवली.

येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली होती. घर आल्यावर उतरताना मात्र हात धरला. पायरी उंच होती म्हणून असेल.

गुरुवार

कंपनीने काल नाव परत दिलं. वकिलाची दुसरी नोटीस गेली आहे, ते बाई बघतील. माझी ड्यूटी संपली. मोबाइल पुन्हा दिवाणखान्यातल्या टेबलावर असतो, चार्ज संपला तरी कुणाचं काही अडत नाही.

टिल्लीने आज स्वतःहून चहा केला. मी शेवटी ते विचारून टाकलं. "त्याला ती कविता थोडीतरी येत असेल का गं?"

"बाबा, तुम्ही पण ना."

"नाही, विचारलं आपलं. शेवटचे शब्द बरोबर उचलायचा."

"शेवटचा शब्द कुणालाही कळतो, यमक असतं ना." मग माझ्या तोंडाकडे बघून ती थांबली. म्हणाली, "येत असेल. थोडी."

खोटं बोलली. तिला खोटं नीट बोलता येत नाही, लहानपणापासून.

हिच्या मोबाइलवर दवाखान्याचं पान उघडलं, बरोबर उघडलं. माझ्या मोबाइलवर अजून ते पांढरं पानच येतंय, विक्रीस आहे म्हणणारं. मी काल पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो, त्यामुळे माझ्या मोबाइलने ते चुकीचं उत्तर पक्कं धरून ठेवलंय म्हणे. टिल्लीने हात पुढे केला. "द्या इकडे, पुसून टाकते. एका मिनिटाचं काम."

"मुदत संपल्यावर आपोआप विसरतो म्हणालीस ना?"

"हो, संध्याकाळपर्यंत."

"मग राहू दे," मी म्हणालो.